बिल्टी, तिच्या ओळी आणि साठवणुकीचा प्रश्न

अमरावती रस्त्याने नागपूरबाहेर पडले की वाडी लागते. ट्रान्सपोर्टची कार्यालये, त्यांच्यामागे गोदामांच्या रांगा, कंपन्यांचे डेपो आणि मालाची वाट पाहत उभे ट्रक. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. त्यामुळे इथे माल उतरतो, वाटला जातो आणि दुसऱ्या गाडीत चढून पुढे जातो. या सगळ्या उलाढालीचा कागदी आधार एकच, तो म्हणजे बिल्टी, ट्रान्सपोर्टवाल्याने दिलेली मालाची पावती.

बिल्टीच्या वरच्या भागात क्रमांक, तारीख, माल पाठवणारा, घेणारा, कुठून आणि कुठे. खाली ओळी : १२ नग कार्टन, औषधे, ४ नग ड्रम, रंग, १ नग लाकडी पेटी, मशिनचा भाग. प्रत्येक ओळीला वजन, दर आणि भाडे. त्याखाली हमाली आणि इतर आकार. माल हलू लागला की आणखी नोंदी जमतात : गाडीत चढला, वाडीला उतरला, दुसऱ्या गाडीत गेला, पोच आली. यातल्या कोणत्याही ओळीला बिल्टीवाचून अर्थ नाही. ‘४ नग ड्रम’ एवढाच कागद हाती आला तर त्याचे काय करणार?

संगणकाच्या भाषेत अशा ओळींना डिपेन्डन्ट ऑब्जेक्ट म्हणतात. कामाच्या बोलण्यात चाइल्ड रेकॉर्ड. या लेखात त्यांना पोटनोंदी म्हणू आणि बिल्टीला मूळ नोंद. पोटनोंदी साठवायच्या कशा, हा प्रश्न व्यावसायिक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे येतो. मूळ नोंदीच्या पोटातच त्या गुंडाळून ठेवाव्यात, की वेगळ्या तक्त्यात मांडून दुव्याने जोडाव्यात? पन्नास वर्षांहून अधिक काळ यावर वेगवेगळी उत्तरे दिली गेली. प्रत्येकाने काही दिले आणि काही हिरावून घेतले. त्या उत्तरांचा हा आढावा आहे.

दोन लवचीकता

या चर्चेत वेग आणि लवचीकता या दोन टोकांची नावे नेहमी घेतली जातात. वेगाचा अर्थ सरळ आहे. काउंटरवरच्या माणसाने क्रमांक टाकला की पूर्ण बिल्टी लगेच पडद्यावर यावी आणि गाडी भरताना चारशे बिल्ट्यांचे चलान, म्हणजे त्या गाडीतल्या सगळ्या बिल्ट्यांची यादी, निघायला ड्रायव्हरला ताटकळत ठेवू नये.

लवचीकता मात्र एक नाही, दोन आहेत आणि त्यांची गल्लत झाली की निर्णय चुकतो. पहिली लवचीकता प्रश्न विचारण्याची. ‘गेल्या महिन्यात अकोल्याला गेलेल्या ड्रमांपैकी किती फुटले?’ हा प्रश्न बिल्टीचा नाही, ओळींचा आहे. असंख्य बिल्ट्यांच्या पोटात शिरून तो विचारावा लागतो. दुसरी लवचीकता आकार बदलण्याची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मालाच्या ओळीला एचएसएन या वर्गीकरण कोडची, पक्षकारांना जीएसटी क्रमांकाची जोड लागली. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल सक्तीचे झाले. उद्या एखादा ग्राहक प्रत्येक पेटीचे तापमान नोंदवायला सांगेल.

पोटनोंदी गुंडाळून ठेवल्या तर आकार बदलणे सोपे होते, पण प्रश्न विचारणे महाग पडते. वेगळ्या तक्त्यात मांडल्या तर कोणताही प्रश्न विचारता येतो, पण आकार बदलायला तक्ता बदलावा लागतो. पुढचा सगळा इतिहास या दोन लवचीकतांमध्ये मागे-पुढे झालेला आहे.

पोटातून बाहेर आणि पुन्हा पोटात

पहिले मोठे उत्तर आयबीएमच्या आयएमएसचे. अपोलो चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांची प्रचंड यादी सांभाळण्यासाठी घडलेली ही प्रणाली १९६८ मध्ये चालू झाली. तिची रचना उतरंडीची होती : मोठ्या भागाच्या पोटात लहान, त्याच्या पोटात आणखी लहान. वरून खाली जायचे असेल तर वेग उत्तम. पण ‘हा लहान भाग कोणकोणत्या मोठ्या भागांत वापरला आहे?’ असे खालून वर विचारायचे, तर त्याची सोय आधीच करून ठेवावी लागे.

आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी १९७० च्या निबंधात नेमके या दुखण्यावर बोट ठेवले. त्यांचे उदाहरण कर्मचाऱ्याचे होते : त्याच्या पोटात नोकरीचा इतिहास, नोकरीच्या पोटात पगाराचा इतिहास आणि बाजूला मुलांची नावे. कॉड यांनी प्रत्येक पोटयादी बाहेर काढली, तिचा स्वतंत्र तक्ता केला आणि मूळ नोंदीची किल्ली त्या तक्त्यात उतरवली. आज प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवला जाणारा पहिला नॉर्मल फॉर्म तो हाच. १९७६ मध्ये पीटर चेन यांच्या एंटिटी-रिलेशनशिप मांडणीने पुढची भर घातली : स्वतःच्या बळावर उभ्या राहू शकत नाहीत अशा नोंदींचा वेगळा वर्ग त्यांनी केला. तक्त्यात वेगळी असली तरी नोंद परावलंबी असू शकते, ही जाणीव तिथून रुजली.

यानंतरच्या पर्वाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. मोडून सपाट केलेले पुन्हा जुळवायला दर वेळी किंमत मोजावी लागते, मग तक्त्याच्या खणातच दुसरा तक्ता का ठेवू नये, असा विचार १९८० च्या दशकात काही संशोधक करत होते. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात डर्क व्हॅन गुख्त यांच्याबरोबर आनंद देशपांडे यांनी १९८८ मध्ये असा एकात एक बसवलेला, म्हणजे नेस्टेड रिलेशनल डेटाबेस प्रत्यक्ष कसा उभारावा, यावर शोधनिबंध सादर केला. पोटनोंदी पोटातच ठेवायच्या, पण प्रश्न विचारण्याची बीजगणिती शिस्त सोडायची नाही, असा तो प्रयत्न होता. देशपांडे भारतात परतले आणि १९९० मध्ये त्यांनी पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स स्थापन केली. या कंपनीचे नागपूरचे केंद्र गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये आहे, वाडीपासून अवघ्या काही किलोमीटरवर. नेस्टेड डेटाबेस बाजारात स्वतंत्र उत्पादन म्हणून फारसे रुजले नाहीत, पण त्यांची कल्पना आज जवळपास प्रत्येक मोठ्या डेटाबेसमध्ये वेगळ्या रूपाने नांदते आहे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ऑब्जेक्ट डेटाबेस आले. प्रोग्रॅममधल्या वस्तू जशाच्या तशा साठवण्याचे त्यांचे आश्वासन होते. काही खास क्षेत्रांत ते टिकले, पण हिशेब आणि अहवालांवर चालणाऱ्या कार्यालयांनी तक्ते सोडले नाहीत. मग दोहोंत भाषांतर करणारा थर वाढत गेला आणि त्या थराने पोटनोंदींचा प्रश्न नव्याने तापवला.

जावाच्या दुनियेतली गोष्ट विशेष बोधप्रद आहे. सुरुवातीच्या एंटरप्राइज जावाबीन्समध्ये प्रत्येक एंटिटी बीन दूरच्या संगणकावरून हाक मारता येईल अशी असे. अनेकांनी ऑर्डरची प्रत्येक ओळही अशी बीन केली. परिणामी एका ओळीचे वजन वाचायलाही दूरच्या हाकेचा सगळा सोपस्कार. यावर उपाय म्हणून ‘जाड बीन’ करायचा सल्ला रूढ झाला : मूळ नोंद तेवढी बीन, ओळी तिच्या पोटातल्या साध्या वस्तू. २.० आवृत्तीच्या मसुद्यात तर डिपेन्डन्ट ऑब्जेक्ट नावाची स्वतंत्र सोयच आणली गेली. पण २००१ च्या अंतिम आवृत्तीपूर्वी ती काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी लोकल इंटरफेस आले, म्हणजे त्याच यंत्रातल्या बीन्सना हलक्या मार्गाने भेटण्याची सोय. पोटनोंद हा वेगळा प्रकार न मानता नातेसंबंधाचा एक गुण मानावा, असा तो कौल होता.

पुढे तोच कौल पक्का झाला. मार्टिन फाउलर यांनी २००२ मध्ये डिपेन्डन्ट मॅपिंग, एम्बेडेड व्हॅल्यू, सीरियलाइज्ड लॉब अशी या पर्यायांना स्वतंत्र नावे दिली. एरिक इव्हान्स यांनी २००३ मध्ये ॲग्रिगेटची कल्पना मांडली : काही वस्तूंचा समूह एकत्र बदलतो, त्याला एक प्रमुख असतो आणि बाहेरच्याने त्या प्रमुखामार्फतच आत शिरायचे. हायबरनेट आणि २००६ पासून जेपीए या जावातल्या मॅपिंग साधनांनी हे रोजच्या वापरात आणले. २००९ च्या जेपीए २.० मध्ये मालकापासून तुटलेली पोटनोंद आपोआप पुसण्याची सोयही आली.

त्याच २००९ मध्ये मॉन्गोडीबी हा दस्तऐवज-डेटाबेस आला आणि लंबक उलटा फिरला : पूर्ण बिल्टी एका दस्तऐवजात, ओळींसकट. एका दस्तऐवजाला १६ एमबीची मर्यादा, पण बिल्टीला ती कधी लागणार? डिसेंबर २०१४ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या ९.४ आवृत्तीत जेसन या उतरंडीच्या मांडणीसाठी जेसनबी हा रकान्याचा प्रकार आला आणि तक्त्याच्या एका खणात आख्खे झाड ठेवून त्यावर इंडेक्स बांधणे शक्य झाले. पोटात की बाहेर, हा आता डेटाबेस निवडण्याचा प्रश्न उरलेला नाही. एकाच डेटाबेसमध्ये, एकाच बिल्टीसाठी, भाग पाहून ते ठरवता येते.

सॅप आणि टॅली : दोन मोठे अनुभव

सिद्धान्तापेक्षा दीर्घ अनुभव जास्त शिकवतो. सॅप या मोठ्या उद्योगांच्या सॉफ्टवेअरमध्ये विक्री ऑर्डरची मूळ नोंद व्हीबीएके तक्त्यात, ओळी व्हीबीएपी तक्त्यात. ओळीची किल्ली म्हणजे ऑर्डर क्रमांक अधिक ओळ क्रमांक, अगदी कॉड यांनी सांगितल्याप्रमाणे. ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक दिले जातात, म्हणजे मध्ये एखादी घालायची तर जागा राहते.

पण हिशेबाच्या व्हाउचरच्या ओळींबाबत सॅपने पूर्वी वेगळा मार्ग धरला होता. या ओळींचा बीसेग नावाचा तक्ता प्रत्यक्षात एका क्लस्टर तक्त्यात राहत असे आणि एका व्हाउचरच्या अनेक ओळी एकत्र बांधून तिथे एका खणात ठेवल्या जात. जागा वाचे आणि पूर्ण व्हाउचर झटकन मिळे. मात्र ‘या ग्राहकाच्या न भागलेल्या ओळी दाखवा’ असे विचारणे जड जाई. म्हणून ग्राहकांसाठी, पुरवठादारांसाठी, खात्यांसाठी, उघड्या आणि भागलेल्या ओळींचे वेगळे जोडतक्ते ठेवावे लागले. एकच गोष्ट अनेक ठिकाणी लिहायची आणि ती जुळती राहील याची काळजी वाहायची. हाना हा स्मृतीत चालणारा डेटाबेस आल्यावर क्लस्टर मोडून ओळी साध्या तक्त्यात आल्या आणि २०१५ च्या एस/४हानामध्ये ते जोडतक्ते फक्त दृश्ये होऊन उरले. गुंडाळून ठेवण्याने मिळवलेला वेग शेवटी प्रश्न विचारण्याच्या गरजेपुढे टिकला नाही, हे या प्रवासाचे सार.

टॅलीचा अनुभव वेगळा. वाडीतल्या कोणत्याही हिशेबनिसाला टॅलीचे व्हाउचर ओळखीचे आहे : वर तारीख आणि पक्ष, आत मालाच्या ओळी, प्रत्येक मालाच्या आत बॅच. टॅलीची स्वतःची साठवणही अशीच उतरंडीची आहे. त्यामुळे व्हाउचर उघडणे आणि दुरुस्त करणे झपाट्याचे. पण तीच माहिती बाहेर काढून आपल्या पद्धतीने जुळवायची म्हटली, तर एक्सएमएलच्या थरांतून ओळी आणि बॅचेस सुट्या कराव्या लागतात. जे काम मुळात व्हाउचरभोवती फिरते, तिथे उतरंड शोभते. व्हाउचर ओलांडून प्रश्न विचारायचे असतील, तिथे तीच उतरंड आडवी येते.

एका चलानाचा हिशेब

आता जवळून पाहू. समजा, वाडीहून रायपूरला जाणाऱ्या एका गाडीच्या चलानावर ४०० बिल्ट्या आहेत. प्रत्येक बिल्टीला सरासरी ५ ओळी आणि ४ घटना : माल घेतला, चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. संध्याकाळी चलान छापायचे आहे.

पहिली पद्धत आळशी वाचनाची. आधी बिल्ट्यांची यादी आणायची. मग एकेक बिल्टी छापताना तिच्या ओळी मागायच्या, मग घटना. एक अधिक ४०० अधिक ४००, म्हणजे ८०१ फेऱ्या. डेटाबेस शेजारच्याच यंत्रावर असेल तर हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण जुने डेस्कटॉप सॉफ्टवेअर तसेच ठेवून फक्त डेटाबेस क्लाउडवर नेला आणि एका फेरीला २० मिलिसेकंद लागू लागले, तर तेच चलान सोळा सेकंद घेईल. ‘क्लाउडवर गेल्यापासून सॉफ्टवेअर हळू झाले’ ही तक्रार कितीदा तरी इथूनच येते. दोष ना क्लाउडचा, ना डेटाबेसचा, फेऱ्यांचा आहे.

दुसरी पद्धत सगळे एका जोडणीत आणण्याची. बिल्ट्या, ओळी आणि घटना एकाच क्वेरीत जोडल्या की फेरी एकच. पण प्रत्येक ओळ प्रत्येक घटनेशी जोडली जाते : ४०० गुणिले ५ गुणिले ४, म्हणजे ८,००० नोंदी. जास्तीचा माल तारेवरून वाहिला जातो, हा त्यातला लहान तोटा. मोठा धोका असा, की कोणी त्यावर भाड्याची बेरीज केली तर प्रत्येक ओळीचे भाडे चार वेळा धरले जाते. चलान झटपट छापले जाईल आणि त्यावरची रक्कम चौपट असेल.

तिसरी पद्धत साधी आणि बहुतेक वेळा उत्तम : तीन क्वेऱ्या. पहिली ४०० बिल्ट्या आणते, दुसरी त्या बिल्ट्यांच्या सगळ्या २,००० ओळी, तिसरी सगळ्या १,६०० घटना. एकूण ४,००० नोंदी, तीन फेऱ्या. जुळवणी प्रोग्रॅममध्ये, स्मृतीत होते. चांगल्या मॅपिंग साधनांत ही सोय आयती असते, फक्त ती मागावी लागते.

चौथी पद्धत पूर्ण बिल्टी जेसनमध्ये ठेवण्याची. चारशे दस्तऐवज, एक फेरी, जुळवणी नाही. छापण्यासाठी याहून सोपे काही नाही. किंमत लिहिताना मोजावी लागते.

यातून निघणारा निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या तिन्ही पद्धतींत साठवण एकच आहे, तक्तेही तेच. बदलले फक्त वाचन. वेग कमी पडला की लगेच साठवणुकीचा आकार बदलायला निघणे ही घाई आहे. आधी त्याच तक्त्यांतून वेगळ्या रीतीने वाचून पाहावे. काउंटरवर एकच बिल्टी उघडायची असेल तेव्हा एक रीत, चलानासाठी दुसरी, महिन्याच्या अहवालासाठी तिसरी. साठवण एक, वाचन अनेक.

लिहिण्याची बाजू

वाचनाइतकी चर्चा लेखनाची होत नाही, पण खऱ्या अडचणी तिथेच उभ्या राहतात.

पाच ओळींच्या बिल्टीतली एक ओळ रद्द झाली. हायबरनेटमध्ये दुवा-तक्त्यावर उभी असलेली, क्रम न सांगितलेली एकमार्गी यादी वापरली असेल, तर दुव्याच्या पाचही नोंदी पुसल्या जातात आणि उरलेल्या चार पुन्हा लिहिल्या जातात. ओळीतच बिल्टीची किल्ली ठेवली आणि नाते ओळीच्या बाजूने सांभाळले, तर एकच ओळ पुसली जाते. प्रोग्रॅममध्ये दोन्हीकडे एकच यादी दिसते, डेटाबेसमध्ये काम मात्र कितीतरी पट होते.

मूळ नोंद पुसली की पोटनोंदीही पुसाव्यात, असे डेटाबेसला सांगता येते. पण पोस्टग्रेस पोटनोंदीतल्या परकीय किल्लीवर आपोआप इंडेक्स बांधत नाही. मायएसक्यूएलचे इनोडीबी बांधते. पोस्टग्रेसमध्ये हा इंडेक्स विसरला, तर एक बिल्टी पुसतानाही ओळींचा आख्खा तक्ता चाळला जातो. तक्ता लहान असताना हे कळत नाही. लाखो ओळी झाल्या की अचानक कळते.

जेसनमध्ये गुंडाळलेल्या बिल्टीची अडचण वेगळी. पोस्टग्रेसमध्ये साधारण २ केबीच्या पुढे मोठे मूल्य मुख्य तक्त्याबाहेर वेगळे ठेवले जाते आणि त्यातले एक अक्षर बदलले तरी ते पूर्ण नव्याने लिहिले जाते. त्याहून मोठी अडचण माणसांची. गोदामात मुकादम हातातल्या यंत्रावर नग मोजून ‘चढवले’ अशी नोंद करतो आहे, त्याच वेळी कार्यालयात क्लार्क त्याच बिल्टीचे भाडे दुरुस्त करतो आहे. दोघांनी उघडलेला दस्तऐवज एकच. जतन करताना दस्तऐवजाची आवृत्ती तपासली तर एकाला पुन्हा काम करावे लागेल. न तपासली तर एकाचे काम मुकाट्याने पुसले जाईल. या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नसताना साठवणुकीने त्यांना एकमेकांच्या वाटेत आणून उभे केले.

म्हणजे मालाच्या ओळी आणि प्रवासातल्या घटना या दोन्ही बिल्टीच्या पोटनोंदी असल्या, तरी त्यांचा स्वभाव एक नाही. ओळी आणि भाड्याची बेरीज एकमेकांशी जुळलीच पाहिजे, म्हणून त्या एकत्र बदलाव्यात. घटना मात्र फक्त भर पडणाऱ्या आहेत. त्या कोणी दुरुस्त करत नाही, नवी जोडतो. त्यांना वेगळ्या तक्त्यात ठेवून मूळ बिल्टीला हात न लावता लिहिता आले पाहिजे.

पोटात दिसते म्हणून पोटातले नाही

चलान उघडले की त्यात बिल्ट्यांची यादी दिसते. म्हणून बिल्टी चलानाची पोटनोंद ठरवायची का? तसे ठरवून, चलान पुसल्यावर पोटनोंदी पुसण्याची आज्ञा देऊन ठेवली, तर चुकीचे चलान रद्द करताना गाडीभर मालाच्या बिल्ट्या जातील. बिल्टी चलानाच्या आधी जन्मते आणि नंतरही उरते. वाडीला माल उतरून दुसऱ्या गाडीत गेला की ती नव्या चलानावर जाते. चलानात बिल्टीचा फक्त संदर्भ हवा.

सरकारी ई-वे बिलाची रचना हाच विवेक दाखवते. भाग ‘अ’ मध्ये मालाचा तपशील, भाग ‘ब’ मध्ये वाहन. मुदत असेपर्यंत वाहन कितीही वेळा बदलता येते आणि त्यासाठी मालाच्या तपशिलाला हात लावावा लागत नाही. एका गाडीतल्या अनेक बिलांचे मिळून एकत्रित ई-वे बिल करता येते, पण त्याला स्वतःची स्वतंत्र मुदत नसते; मुदत आतल्या प्रत्येक बिलाची. एकत्रित बिल हा संदर्भांचा गठ्ठा आहे, मालक नाही.

उलट उदाहरण पत्त्याचे. घेणाऱ्याचा पत्ता ग्राहकांच्या तक्त्यात असतो, म्हणून बिल्टीत फक्त ग्राहक क्रमांक ठेवण्याकडे कल होतो. पण ग्राहकाने गोदाम बदलले, की मागच्या वर्षीच्या बिल्टीवरही नवा पत्ता उमटेल. बिल्टी हा कायदेशीर कागद आहे. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ प्रमाणे मालाची पावती तीन प्रतींत द्यायची असते आणि मूळ प्रत पाठवणाऱ्याकडे जाते. त्याच्या हातातला कागद आणि आपल्या डेटाबेसमधली नोंद कायम जुळली पाहिजे. म्हणून त्या दिवशीचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि दर बिल्टीतच उतरवून ठेवावेत. ही पुनरुक्ती नाही, हा पुरावा आहे.

हाच कायदा दुसरी बाजूही स्पष्ट करतो. माल गहाळ झाल्याची किंवा नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. कोणत्या बिल्टीतल्या कोणत्या ओळीतले किती नग कमी पडले, हे सहा महिन्यांनीही ओळीच्या पातळीवर सांगता आले पाहिजे. जीएसटीच्या नोंदी तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. इतक्या काळात सॉफ्टवेअर अनेकदा बदलते. जेसनमध्ये ठेवलेल्या जुन्या बिल्ट्या जुन्या आकारात पडून असतात आणि प्रत्येक नव्या प्रोग्रॅमला सगळे जुने आकार वाचता यावे लागतात. आकार बदलण्याचे स्वातंत्र्य फुकट मिळाल्यासारखे वाटते. त्याची किंमत पुढे वाचणाऱ्याला मोजावी लागते.

नव्या रकान्यांची सोय

तरीही नवे रकाने येतच राहणार. त्यासाठी चार वाटा रूढ आहेत. पहिली, मोकळे रकाने आधीच ठेवण्याची. ओरॅकलच्या ई-बिझनेस सूटमधले ॲट्रिब्यूट-१, ॲट्रिब्यूट-२ असे रकाने याच जातीचे. सेल्सफोर्सने तर ग्राहकांच्या स्वतःच्या रकान्यांसाठी असे शेकडो निनावी रकाने आणि त्यांचा अर्थ सांगणारे वेगळे तक्ते यांवर आपली रचना उभी केली. तेवढी यंत्रणा सांभाळायची ताकद असेल तरच ही वाट धरावी.

दुसरी वाट ‘नाव आणि मूल्य’ अशा ओळींच्या तक्त्याची. प्रत्येक गुणधर्माची एक ओळ. काहीही साठवता येते, पण तारीख, आकडा आणि मजकूर यांतला फरक हरवतो आणि तीन गुणधर्मांवर शोधायचे तर तोच तक्ता तीनदा जोडावा लागतो. मोठ्या प्रमाणावर ही वाट हमखास पस्तावायला लावते.

तिसरी, ओळीच्या तक्त्यात एक जेसनबी रकाना : ठरलेले सगळे साध्या रकान्यांत, ग्राहकापुरते विशेष ते या रकान्यात. चौथी, तक्ता सरळ बदलण्याची. आजच्या डेटाबेसमध्ये रिकामा चालणारा नवा रकाना जोडणे बहुधा क्षणात होते; त्याची पूर्वीसारखी धास्ती बाळगायचे कारण नाही. माझ्या मते योग्य क्रम असा : नवा गुणधर्म आधी जेसनबीत ठेवावा आणि त्यावर कोणी अहवाल मागू लागला, बेरीज करू लागला किंवा नियम लावू लागला, की त्याला पक्का रकाना द्यावा.

निकष

या सगळ्या आढाव्यातून मी चार प्रश्न हाताशी ठेवतो. कोणतीही पोटनोंद कुठे ठेवायची, हे त्यांनी ठरते.

पहिला, मालक गेला तर हिला अर्थ उरतो का? उरत असेल तर ती पोटनोंद नाही. तिचा संदर्भ ठेवावा. चलानातली बिल्टी इथे बाहेर पडते.

दुसरा, मालकाशी हिचे काही गणित प्रत्येक क्षणी जुळलेच पाहिजे का? जुळायला हवे असेल तर दोघे एका व्यवहारात, एका आवृत्तीखाली बदलावेत. ओळी आणि भाडे आत, प्रवासाच्या घटना बाहेर.

तिसरा, मालक ओलांडून थेट हिच्याबद्दल कोणी विचारणार आहे का? विचारणार असेल तर तिला स्वतंत्र तक्ता आणि योग्य इंडेक्स द्यावा. मालाच्या ओळींबद्दल कधीतरी कोणी विचारणारच, हे सॅपच्या बीसेगने पुरेसे दाखवले आहे.

चौथा, ही नोंद आता गोठली आहे का? गोठली असेल तर ती खुशाल गुंडाळावी. ई-इन्व्हॉइसचे जेसन याचे चोख उदाहरण : विकणारा, घेणारा, मालाची यादी, प्रत्येक मालाच्या आत बॅचचा तपशील, सगळे एका झाडात. एकदा पाठवून नोंद क्रमांक मिळाला की ते झाड बदलायचे नाही. औषधाच्या डेपोने ते जसेच्या तसे साठवावे आणि रोजच्या कामासाठी बॅचचे तक्ते वेगळे ठेवावेत, कारण मुदत संपत आलेल्या बॅचेस शोधताना कोणी इन्व्हॉइस उघडत बसत नाही.

थोडक्यात, जे बदलते आणि ज्याबद्दल विचारले जाते ते तक्त्यात, जे गोठले आणि बाहेर पाठवले ते गुंडाळून, आणि वेगाची तक्रार आली की आधी फेऱ्या मोजायच्या.

हा विषय तांत्रिक दिसतो, पण त्याचा भार माणसांवर पडतो. वाडीतला लहान ट्रान्सपोर्टवाला सॉफ्टवेअर विकत घेतो तेव्हा ओळींचा तक्ता आहे की गठ्ठा, हे तो विचारत नाही आणि त्याने विचारावे अशी अपेक्षाही नाही. पण नुकसानीचा दावा आला, मोठ्या ग्राहकाने मार्गनिहाय तुटीचा हिशेब मागितला किंवा त्याला दुसरे सॉफ्टवेअर घ्यावेसे वाटले, की तो निर्णय त्याच्यासमोर येतो. स्वतःच्याच मालाबद्दल, स्वतःच्याच नोंदींना हवा तो प्रश्न विचारता येणे हा त्याचा हक्क आहे. वेग नंतर वाढवता येतो. त्यासाठी इंडेक्स आहेत, वाचनाच्या वेगळ्या रीती आहेत, मोठी यंत्रे आहेत. गुंडाळताना ज्या तपशिलाला धड नाव, प्रकार किंवा स्वतःची किल्ली दिली नाही, तो वर्षांनंतर कोणतेही यंत्र खात्रीने परत जुळवून देत नाही. म्हणून शंका असेल तिथे प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य आधी राखावे, बाकीचे त्यामागून मिळवावे. डेटाबेसची पहिली आकृती काढणाऱ्याच्या हातात ही जबाबदारी असते आणि ती त्याने पहिल्याच दिवशी ओळखली पाहिजे.